आधी खून, मग भूत: इंग्लंडच्या खेड्यातली गूढकथा रचताना

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा चाळायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. दर वर्षी त्यातल्या पाच-सहा तरी इंग्लंडच्या खेड्यात घडतात. धुकं, ओसाड हवेली, पांढऱ्या झग्यातली बाई, एक प्रेत. शेवटच्या पानावर इन्स्पेक्टर टोपी काढून उभा राहतो, कारण खून भुतानंच केलेला असतो. भाषा बहुतेकांची चांगली असते, गडबड असते ती क्रमात. लेखक भुतापासून निघतो आणि वाटेत खून उचलतो. मग तपासाला काही कामच उरत नाही, आणि वाचकाला वाटतं की चाळीस पानं आपल्याला उगाच फिरवलं.

खालचा क्रम नेमका उलटा आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच कथा पहिल्या टप्प्यापासून शेवटपर्यंत रचत नेऊ.

## १. भूत बाजूला ठेवून खून सोडवा

कोऱ्या कागदावर पाच ओळी लिहा: कोण मेलं, कशानं, कोणी मारलं, कशासाठी, आणि तो सापडला कसा. यात शाप, स्वप्न, सावली असा एकही शब्द नको.

आपली कथा अशी. लिंकनशायर, १९३६. वोल्ड्स टेकड्यांच्या पायथ्याशी एक खेडं. मूलबाळ नसलेला म्हातारा शेतकरी वारंवार पोटदुखी आणि उलट्यांनी आजारी पडतो आणि ऑगस्टमध्ये मरतो. डॉक्टर पोटाचा विकार लिहून मोकळा होतो. मारणारा आहे पुतण्या आणि कारण आहे जमीन. विष आर्सेनिक, थोडं थोडं करून दिलेलं. घर सांभाळणाऱ्या बाईच्या लक्षात येतं की पुतण्या चहाला येऊन गेला की मालक आजारी पडतात. प्रेत उकरून काढलं जातं आणि त्यात आर्सेनिक सापडतं.

आता विषाचा थोडा अभ्यास करा. इथे आळस केलात तर पुढे सगळी कथा लंगडते. १८५१ च्या कायद्यापासून इंग्लंडमध्ये किरकोळ आर्सेनिक विकताना दुकानदाराला नोंदवहीत खरेदीदाराची सही घ्यावी लागे. शिवाय पिठाशी किंवा साखरेशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात काजळी किंवा नीळ मिसळलेली असे. म्हणजे तुमच्या खुन्याला ते दुधात घालताच येणार नाही, दूध काळपट दिसेल. त्याला गडद रंगाचं काहीतरी हवं. आपला पुतण्या काकांसाठी घरी केलेली एल्डरबेरीची वाइन आणतो. ती जवळजवळ काळीच असते.

बघा, एका कायद्याच्या कलमानं आपल्याला बाटली दिली आणि सही असलेली वहीही दिली. हे दोन्ही पुढे लागणार आहे.

तपासा: पाच ओळी एखाद्या खडूस मित्राला वाचून दाखवा. “मग पोलिसांना कळलं कसं?” असं त्यानं विचारलं आणि तुम्ही “ते नंतर बघू” म्हणालात, तर दुसऱ्या टप्प्याकडे जाऊ नका.

## २. साल पक्कं करा, पोलीस त्यावरून ठरतात

‘पूर्वीच्या काळी’ हे साल नव्हे. नेमकं साल ठरलं की कायदा, यंत्रं आणि भीती आपोआप ठरते. काही खुणा जवळ ठेवा.

स्कॉटलंड यार्डात, म्हणजे लंडन पोलिसांच्या मुख्यालयात, बोटांच्या ठशांचा विभाग १९०१ मध्ये सुरू झाला, म्हणजे त्यानंतरचा शहाणा खुनी हातमोजे घालतो. (ती वर्गीकरणाची पद्धत कलकत्त्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी घडवली आणि नाव लागलं साहेबाचं. कथेत एखादा भारतीय डॉक्टर असेल तर त्याच्या तोंडी हे शोभेल.) खुनाला फाशीची शिक्षा १९६५ पर्यंत होती, त्यामुळे १९३६ मधल्या कबुलीजबाबाला वेगळंच वजन येतं. डीएनएच्या आधारे खुनाची पहिली शिक्षा १९८८ मध्ये झाली, तीही लेस्टरशायरच्या खेड्यांमधल्या प्रकरणात. त्यानंतरचं साल घेतलंत तर कपावरची लाळसुद्धा बोलते, आणि मोबाइलच्या काळात तर भुताला फारच थोडी जागा उरते. पहिल्यांदा लिहिणाऱ्यानं दोन महायुद्धांच्या मधला काळ घ्यावा असं माझं मत आहे. विज्ञान पुरेसं आहे, पण फोन मात्र गावात एखादाच.

आता पोलिसांबद्दल नेहमी होणाऱ्या चुका.

स्कॉटलंड यार्ड लंडनमध्ये आहे, स्कॉटलंडमध्ये नाही. हसू नका, गेल्याच वर्षी एका कथेत साहेब एडिनबर्गहून घोड्यावर आले होते.

लंडनचा डिटेक्टिव्ह स्वतःहून खेड्यात येत नाही. त्या काळात प्रत्येक काउंटीचं, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचं, पोलीसदल वेगळं असतं आणि त्याचा प्रमुख चीफ कॉन्स्टेबल. यार्डाची मदत मागायची की नाही, हे तो ठरवतो. अनेकदा त्याला ती मागायची नसते, कारण त्यात कमीपणा वाटतो. ही कुरबुर कथेला फुकटात मिळते.

गावचा कॉन्स्टेबल सायकलवर फिरतो. त्याच्या कमरेला पिस्तूल नसतं, इंग्लिश पोलीस सहसा शस्त्र बाळगतच नाहीत. त्यामुळे ‘त्याने भुतावर गोळी झाडली’ हे वाक्य खोडा.

पंचनामा नसतो. संशयास्पद मृत्यू झाला की कॉरोनर इन्क्वेस्ट घेतो, म्हणजे मृत्यूच्या कारणाची उघड चौकशी. खेड्यात ती शाळेच्या खोलीत किंवा पबमध्येही भरे. कालपर्यंत जिथे बिअर प्यायली, तिथेच आज साक्ष. १९७७ पर्यंत कॉरोनरची ज्युरी खुन्याचं नावसुद्धा घेऊ शके. गावासमोर शेजाऱ्यांनीच शेजाऱ्याचं नाव घ्यायचं! असा प्रसंग हाताशी असताना लेखक स्मशानात का पळतात, मला कळत नाही.

## ३. नकाशा काढा, पंचांग काढा

गावाचा नकाशा हाताने काढा. मध्ये चर्च, भोवती दफनभूमी, पब, पोस्ट, डॉक्टरचं घर, शेतकऱ्याचं घर. शेतांमधून जाणाऱ्या पायवाटा दाखवा. या वाटा खाजगी शेतातून गेल्या तरी सार्वजनिक असतात, कोणीही केव्हाही चालू शकतो, त्यामुळे ‘इथे परका माणूस दिसला’ याला अर्थ उरत नाही. कुंपणं म्हणजे काटेरी झुडपांच्या दाट ओळी, त्यांच्या पलीकडचं दिसत नाही पण ऐकू येतं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला किती मिनिटं लागतात, तेही लिहा.

चर्चचं आवार म्हणजे आपलं गावाबाहेरचं स्मशान नव्हे. ते भर वस्तीत असतं, तिथल्या बाकावर दुपारी माणसं सँडविच खात बसतात. थडगी बघून गावकऱ्याच्या अंगावर काटा येत नाही. त्याला जपून वागावंसं वाटतं ते आवाराच्या उत्तर बाजूला. तिकडे पुरलं जाणं कमी प्रतीचं समजलं जाई, आत्महत्या केलेल्यांना आणि बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना बहुधा तीच बाजू मिळे. तेव्हा भीती कुठे ठेवायची, ते नकाशावरच कळतं.

उजेडाचं गणित वेगळंच करा. माझ्या पहिल्या कथेत डिसेंबरमध्ये संध्याकाळी सात वाजता सूर्य मावळत होता. लेस्टरजवळ राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं एवढंच कळवलं, “ताई, आमच्याकडे तेव्हा चारलाच दिवे लावतो.” खरंच आहे, डिसेंबरच्या शेवटी चारच्या आतच सूर्य जातो, आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड रेंगाळतो. जूनमधली ‘रात्री आठची अंधारी गल्ली’ म्हणजे तिथे लख्ख ऊन.

पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, तासन्‌तास झिमझिमतो. नाग नाही. विषारी साप एकच, अ‍ॅडर, आणि तो हिवाळाभर बिळात झोपलेला असतो. पण जानेवारीच्या रात्री कोल्ह्याची मादी अशी किंचाळते की बाईच ओरडली असं वाटावं, आणि कोठारातलं पांढरं घुबड आवाज न करता डोक्यावरून जातं. एवढं असताना उसनी किंकाळी कशाला हवी?

आपल्या कथेची रात्र आहे २४ एप्रिल १९३६, शुक्रवार. सूर्यास्त सव्वाआठच्या सुमारास. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, बारीक कोर मध्यरात्रीच्या आसपास बुडते. म्हणजे रात्री एक वाजता चांदण्यात ओळख पटवता येणार नाही. हे आत्ताच लिहून ठेवा.

सावध: खरं साल आणि खरी तारीख दिलीत, तर वार आणि चंद्र खरेच हवेत. चुकलेली पौर्णिमा शोधून काढणारा वाचक असतोच, आणि तो पत्र लिहितो.

## ४. लोकसमजूत एकच निवडा आणि तिचे नियम लिहा

इथे मराठी लेखकाचा हात सर्वांत जास्त घसरतो. आपला मुंजा पिंपळावर बसतो, हडळ वाट अडवते, खवीस झोंबतो. इंग्लंडच्या खेड्यातली भुतं बहुतेक जागेला बांधलेली असतात. ठरावीक रात्री, ठरावीक वाटेनं जातात आणि तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तेव्हा झपाटणं, नारळ, उतारा यातलं काही नेऊ नका. साम्य सापडलंच तर ते खरं असू दे. डेव्हन-सॉमरसेटकडे पिक्सी माणसाला त्याच शेतात रात्रभर फिरवतात आणि सुटका हवी तर कोट उलटा करून घालायचा. हा आपला चकवाच. कोकणातल्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

आपण घेतलेली समजूत सेंट मार्कच्या आदल्या रात्रीची, म्हणजे २४ एप्रिलची. लिंकनशायर, यॉर्कशायर आणि पूर्वेकडच्या भागांत ती सांगितली जाई. चर्चच्या दाराबाहेरच्या पोर्चमध्ये रात्री अकरा ते एक बसायचं. त्या वर्षात जे मरणार आहेत त्यांच्या छाया चर्चमध्ये शिरताना दिसतात. आत जाऊन परत आले ते आजारी पडून वाचतील, न आले ते गेले. पहारा करणाऱ्याला झोप लागली तर तो स्वतःच त्या वर्षात मरतो.

नियम असे वेगवेगळे मांडले की त्यातून कथानकाचे दात दिसायला लागतात. वेळ ठरलेली आहे. जागा ठरलेली आहे. बघणारा एकटा आहे. त्याला जे दिसलं त्यावर गावाचा विश्वास बसतो आणि ज्याचं नाव निघालं तो वर्षभरात मेला तर कोणाला आश्चर्य वाटत नाही. खुन्याला आणखी काय हवं?

आपल्या गावात पहारा करतो म्हातारा सेक्स्टन, चर्चची थडगी खणणारा आणि घंटा वाजवणारा माणूस. एप्रिलमध्ये तो पबमध्ये शेतकऱ्याचं नाव घेतो. ऑगस्टमध्ये शेतकरी मरतो आणि गाव मान हलवतं.

तपासा: समजूत पहिल्यांदा कोण बोलतं, कोणासमोर, कधी? हे तीन रकान्यांत लिहा. १४ फेब्रुवारी १९४५ ला वॉरविकशायरमधल्या लोअर क्विंटनजवळ चार्ल्स वॉल्टन हा ७४ वर्षांचा कुंपणं छाटणारा मजूर कोयता आणि गवताच्या काट्यानं मारलेला सापडला. यार्डाचे रॉबर्ट फेबियन तपासाला गेले, खुनी सापडला नाही. आज त्या खुनाभोवती जादूटोणा आणि काळा कुत्रा चिकटलेला दिसतो, पण त्यातला बराचसा भाग पुढच्या वर्षांत साचत गेला. तुमच्या कथेतही अफवेला वय असू द्या. चांगला डिटेक्टिव्ह भुताला विचारत बसत नाही, भुताची गोष्ट पहिल्यांदा कोणाच्या तोंडून आली ते विचारतो.

## ५. भुताला काम वाटून द्या

दोन गोष्टी त्याला करू देऊ नका. त्यानं खून करायचा नाही आणि त्यानं साक्ष द्यायची नाही. खुनी कोण हे स्वप्नात येऊन सांगणारी मृत आत्या पहिल्याच वाचनात कापा.

कागदाचे दोन भाग करा. डावीकडे ‘माणसानं घडवलेलं’, उजवीकडे ‘न उलगडणारं’. जे जे विचित्र घडतं ते या दोहोंपैकी एका बाजूला गेलंच पाहिजे. उजव्या बाजूला एकच नोंद ठेवा, फार तर दोन. आणि ती खोडली तरी खुनाचा उलगडा जागचा हलता कामा नये.

आपल्या डाव्या बाजूला असं आहे: सेक्स्टनला दिसलेली छाया म्हणजे पुतण्या, काकांचा जुना कोट घालून, काठी टेकत, त्यांच्यासारखा लंगडत गेलेला. चंद्र नाही हे आपण लिहून ठेवलं होतं. म्हणून सेक्स्टनच्या पायाशी कंदील ठेवू. त्याला दिसते फक्त कोटाची कड, आणि ऐकू येतो काठीचा ठोका. पुतण्या चर्चवॉर्डन आहे, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणारा, किल्ल्या त्याच्याकडेच असतात. पोर्चमधून आत शिरून तो दुसऱ्या टोकाच्या लहान दारानं निघून जातो. ‘छाया बाहेर आली नाही’ ती अशी.

उजव्या बाजूला एकच ओळ: सेक्स्टन म्हणतो, दोघं आत गेले.

दुसरा कोण, ते तो सांगत नाही.

## ६. धागेदोरे पेरा

पुरावे शेवटून सुरुवातीकडे पेरत या. आपल्याकडे तीन आहेत.

पहिला, विषाची नोंदवही. सही २० एप्रिलची, छाया दिसली २४ ला. भविष्य कळायच्या आधीच तयारी झालेली. यासाठी केमिस्टचं दुकान पहिल्या दहा पानांत सहज येऊन गेलं पाहिजे, खोकल्याच्या औषधासाठी म्हणा.

दुसरा, बाटली. घरातल्या बाईच्या तोंडी एक तक्रार पुरे, की धाकटे मालक वाइन आणतात पण स्वतः घोटभरही घेत नाहीत.

तिसरा मला सर्वांत आवडतो, कारण तो तारखेनंच दिला. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करायची पद्धत १९१६ पासूनची. १९३६ मध्ये ती १९ एप्रिलला पुढे झाली, आपल्या रात्रीच्या पाच दिवस आधी. शेतावरच्या कित्येकांना हा सरकारी तास मान्यच नव्हता. आपला सेक्स्टनही त्यातलाच. तो पबमध्ये सांगतो, “बाराला पाहिलं.” पुतण्या त्या रात्री साडेबारापर्यंत डॉक्टरकडे पत्ते खेळत होता आणि डॉक्टर तशी साक्ष देतो. म्हणजे तो निर्दोष? सेक्स्टनचे बारा म्हणजे सरकारी वेळेनं एक. डॉक्टरच्या घरापासून चर्च पंधरा मिनिटांवर, नकाशावर आपण लिहिलेलंच आहे.

हे उघड सांगायचं नाही. पहिल्या प्रकरणात सेक्स्टनची मुलगी जेवण गार झालं म्हणून कुरकुरते आणि म्हातारा म्हणतो, “गाईला सरकारी वेळ कळत नाही.” वाचक हसून पुढे जातो. तिथेच फसतो.

सावध: या युक्तीत मी स्वतः आपटले होते. चर्चच्या मनोऱ्यातलं घड्याळ तासाचे ठोके देत असेल तर सेक्स्टनला सरकारी वेळ कळणारच, आणि सगळा डोलारा खाली. लहान चर्चना घड्याळ नसतंही, म्हणून मी ते काढून टाकलं. पण मग त्याचा उल्लेख तीन ठिकाणी राहून गेला होता. एखादी युक्ती ठरली की तिला पाडणारी वस्तू शोधा आणि ती वस्तू सगळ्या पानांवरून हुडकून काढा.

## ७. हाक कशी मारतात

थोडक्यात सांगते. ‘सर’ ही पदवी पहिल्या नावाला लागते: सर जॉन. ‘सर स्मिथ’ कधीच नाही. धर्मगुरूला गावकरी व्हिकार म्हणतात, ‘फादर’ बहुतेक ठिकाणी खटकेल. शेतकरी ‘मिस्टर’ आणि आडनाव, नोकर नुसतं आडनाव. मराठीत लिहिताना या माणसांना ‘अहो-जाहो’ कुठे आणि ‘अरे-तुरे’ कुठे, हे आधीच ठरवा. मी नोकर-मालक भेद त्यातूनच दाखवते. कॉन्स्टेबल डॉक्टरला ‘अहो’ म्हणतो, डॉक्टर त्याला ‘तू’. शेवटच्या जबाबाच्या वेळी डॉक्टर नकळत ‘तुम्ही’वर येतो. एवढ्यानं काम होतं.

लिंकनशायरची बोली दाखवायची म्हणून सेक्स्टनच्या तोंडी वऱ्हाडी किंवा मालवणी घालू नका. तोकडी वाक्यं द्या, बास.

## ८. शेवट कुठे तोडायचा

क्रम असा: आधी गुन्ह्याचा उलगडा पूर्ण, इन्क्वेस्ट, अटक. वाचकाचं देणं फिटलं पाहिजे. उजव्या बाजूची नोंद त्यानंतर, आणि ती अर्ध्या पानापेक्षा जास्त नको.

पुतण्या पकडला गेला. हिवाळा आला. फेब्रुवारीत सेक्स्टन न्यूमोनियानं जातो. डॉक्टरनं लिहिलेलं कारण या वेळी खरं आहे, कोणालाही शंका नाही. मुलगी त्याची वही कॉन्स्टेबलकडे आणून देते. २४ एप्रिलच्या पानावर दोन नावं आहेत. पहिलं शेतकऱ्याचं. पुतण्याच्या नाटकातून आलेलं.

दुसरं सेक्स्टनचं स्वतःचं, त्याच्याच अक्षरात, आणि पुढे वेळ: पावणेएक. सेक्स्टनच्या घड्याळानं.

इथे लेखक मोह आवरत नाहीत. कॉन्स्टेबलला वाऱ्याची झुळूक लागते, दिवा विझतो, पोर्चमध्ये कोणीतरी उभं दिसतं. मीही एका खर्ड्यात दिवा विझवला होता. काढलं. कॉन्स्टेबलनं वही मिटावी, आणि खिशातलं घड्याळ काढून पाहावं. त्यापुढे एक परिच्छेद लिहिला असेल, तर तो खोडा.